पुन्हा प्रयत्न करा

प्रोग्रामिंगच्या पुस्तकांत एक अत्यंत सज्जन गृहस्थ राहतो. पुस्तके त्याला 'यूझर' म्हणतात. हा गृहस्थ ॲप उघडतो, समोर आलेली सूचना पूर्णविरामापर्यंत वाचतो, नावाच्या रकान्यात नावच लिहितो आणि बटण एकदाच दाबतो. मग उत्तर येईपर्यंत हाताची घडी घालून बसतो. त्याच्या फोनची बॅटरी कायम भरलेली, नेटवर्कच्या सगळ्या काड्या उभ्या, डोळ्यांना चष्मा नाही आणि मधेच कोणाचा फोनही येत नाही. त्याला बहुधा नातेवाईकच नसावेत.

या गृहस्थासाठी ॲप लिहिणे अगदी सोपे. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ते सगळ्यांना जमते. पंचाईत एवढीच की या गृहस्थाने आजवर एकही ॲप डाउनलोड केलेले नाही.

डाउनलोड करतात ती माणसे वेगळी. ती बसमध्ये एका हाताने दांडीला लोंबकळत असतात, दुसऱ्या हातात फोन असतो आणि त्याच हाताच्या कोपराला भाजीची पिशवी. अंगठा जिथवर पोचेल तेवढाच त्यांचा पडदा. अर्धा फॉर्म भरून होतो तोच बहिणीचा फोन येतो; तो संपेपर्यंत उतरायचा थांबा येतो; उरलेला अर्धा फॉर्म रात्री जेवणे झाल्यावर आठवतो. बटण दाबून काही झाले नाही तर ही माणसे पुन्हा दाबतात, तरी झाले नाही तर जोरात दाबतात. जोरात दाबले की यंत्र ऐकते, ही श्रद्धा टीव्हीच्या रिमोटपासून आपल्या घरांत नांदते आहे. बटणाच्या जागी काच आली म्हणून ती काही उठून गेलेली नाही.

मी या दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी ॲप लिहून पोट भरतो. लोकांना वाटते, या धंद्यात अवघड भाषा याव्या लागतात, गणित लागते. थोडेफार लागतेही. पण रोजच्या कामातली बहुतेक तंत्रे एकाच प्रश्नातून निघाली आहेत: माणूस मधेच उठून गेला तर काय?

हा प्रश्न फोनच्या घडणीतच आहे. टेबलावरच्या संगणकातला प्रोग्राम घरचा असल्यासारखा पाय पसरून वावरतो. फोनमधले ॲप मात्र भाडेकरू असते, आणि मालकीणबाई असतात सदाशिव पेठेतल्या. 2007 साली आयफोन आला, 2008 साली पहिला अँड्रॉइड फोन; पुढे जगातल्या जवळजवळ सगळ्या खोल्या याच दोन मालकिणींच्या ताब्यात गेल्या. दोघी जावा. त्यांतल्या अँड्रॉइडबाईंची तर बोलीही सुरुवातीपासून जावाच. दोघींच्या दारावर पाट्या आहेत, आणि 'पाटी वाचली नाही' ही सबब दोघींकडेही चालत नाही.

अँड्रॉइडबाईंची पहिली पाटी: 'खोलीची मांडणी कोणत्याही क्षणी बदलण्यात येईल. सामान ज्याचे त्याने सांभाळावे.' फोन आडवा केला की आपल्याला वाटते, चित्र नुसते वळले. आत घडते ते भयंकर असते. पडद्यावरची 'ॲक्टिव्हिटी' मोडून टाकली जाते आणि आडव्या मापाची नवी उभी केली जाते. पुनर्जन्म न मानणाऱ्या माणसालाही अँड्रॉइड शिकताना सुरुवातीलाच तो मानावा लागतो. फरक इतकाच की इथे पूर्वजन्मीचे काय आठवावे, हे आपण आधी लिहून ठेवायचे असते. नाही लिहिले तर आजोबा अंथरुणावर कुशीला वळतात, त्यांच्याबरोबर फोनही आडवा होतो, आणि चष्मा शोधून टाइप केलेला पत्ता नाहीसा होतो.

दुसरी पाटी याहून कडक: 'बाहेर गेल्यावर खोली राखून ठेवली जाणार नाही.' ॲप पडद्याआड गेले आणि फोनला मेमरी कमी पडली, की मालकीणबाई न विचारता खोली रिकामी करतात. यात आयफोनच्या आयओएसबाईही मागे नाहीत. आता आपल्याकडचा कुठलाही सरकारी वा बिनसरकारी फॉर्म आठवा. नाव भरा, पत्ता भरा, मोबाइल नंबर भरा. मग ओटीपी बघायला संदेशांत जा. मग 'आधार कार्डाचा फोटो काढा' म्हणून कॅमेऱ्यात जा. कॅमेरा हे मेमरीच्या बाबतीत खाऊन-पिऊन सुखी असलेले प्रकरण. स्वस्तातल्या फोनवर तो उघडला की आधीचा भाडेकरू बाहेर. फोटो काढून माणूस परत येतो तेव्हा समोर कोरा फॉर्म असतो आणि त्यावर लिहिलेले असते, 'स्वागत आहे.'

यावरचे तंत्र ऐकायला साधे आहे. माणसाने जे लिहिले ते लिहिताक्षणी फोनच्या कायमच्या साठ्यात टाकत जायचे. नवशिके ॲप बंद होण्याच्या शेवटच्या क्षणी, 'ऑनडिस्ट्रॉय' नावाच्या टप्प्यावर, एकदम आवराआवर करायचे ठरवतात. पण तो क्षण येईलच याची हमी मालकीणबाई देत नाहीत, आणि तसे त्यांच्या नियमावलीत स्वच्छ लिहिले आहे. जाताना हाताशी एक छोटी पिशवी मिळते, 'बंडल' नावाची. तिच्यात कोणता रकाना चालू होता, यादी कुठवर सरकली होती, एवढेच ठेवायचे. काही जण तिच्यात फोटो कोंबतात. पिशवी मालकीणबाईंच्या हाती द्यायची असते, आणि अशा देवाणघेवाणीची मर्यादा सुमारे 1 एमबी; ती ओलांडली की पिशवी फाटते आणि ॲप कोसळते.

हे सगळे आपल्या ॲपमध्ये नीट झाले आहे का, हे पाहण्याची सोयही अँड्रॉइडबाईंनी करून ठेवली आहे. बऱ्याच फोनवर सेटिंग्जच्या तळाशी 'बिल्ड नंबर' नावाची एक निरुपद्रवी ओळ असते. तिच्यावर सलग सात वेळा टिचकी मारली की फोन जाहीर करतो: आता तुम्ही डेव्हलपर झालात. अभियांत्रिकीची चार वर्षे, सबमिशनच्या रात्री आणि केटीचे पेपर ज्यांनी काढले त्यांना हे वाचून काय वाटत असेल, ते मी सांगत नाही. पण त्या टिचक्यांनी उघडणाऱ्या यादीत एक कळ असते: ॲक्टिव्हिटी सोडली की ती लगेच नष्ट करा. ती चालू करून आपलेच ॲप दिवसभर वापरावे. अहंकार उतरवायला याहून स्वस्त साधन माझ्या पाहण्यात नाही.

तिसरी पाटी दाराच्या चौकटीवरच असते: 'दारात उभे राहू नये.' ॲपच्या पडद्यावरचे सगळे रेखाटण आणि बोटांचे सगळे स्पर्श एकाच वाटेने जातात. तिला 'मेन थ्रेड' म्हणतात. पडदा सेकंदाला 60 वेळा नव्याने काढला जातो, म्हणजे एका चित्राला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. नव्या 120 वेळांच्या पडद्यांवर तर त्याच्याही निम्मे. एवढ्या वेळात डोळ्याची पापणीही लवत नाही, आणि काही लोक त्या वाटेवर उभे राहून सर्व्हरकडून शंभर फोटो मागवतात. मग यादी सरकवताना अडखळते. पाच सेकंद स्पर्शाला उत्तर मिळाले नाही, तर अँड्रॉइडबाई स्वतः बाहेर येऊन विचारतात: हे ॲप प्रतिसाद देत नाही, बंद करू की थांबता? 2011 च्या 3.0 आवृत्तीपासून तर त्यांनी मेन थ्रेडवर नेटवर्कचे काम करायलाच बंदी घातली. केले की ॲप जागच्या जागी बंद. म्हणून जड कामे मागच्या दाराने, दुसऱ्या थ्रेडवर किंवा कोटलिन भाषेच्या को-रूटीनमध्ये पाठवायची आणि उत्तर आले की तेवढेच पुढच्या दारी आणून ठेवायचे.

फोटो हे असेच फसवे सामान. 4000 बाय 3000 ठिपक्यांचा फोटो फाइल म्हणून तीन-चार एमबीचा दिसतो. पण पडद्यावर काढण्यासाठी उलगडला की ठिपक्याला 4 बाइट या हिशेबाने 48 एमबी व्यापतो. आणि एवढा पसारा कशासाठी, तर नखाएवढ्या गोलात चेहरा दाखवण्यासाठी. उलगडतानाच तो लहान करून घ्यावा. लांबलचक याद्यांसाठी पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी तयार करतात आणि वर गेलेली ओळ पुसून खालून पुन्हा वापरतात. हे तंत्र उत्तम आहे. फक्त ओळ वापरण्याआधी ती खरोखर पुसावी. नाहीतर फोटो उशिरा येतो, तोवर ओळ दुसऱ्याच्या नावे झालेली असते, आणि मामांच्या नावाशेजारी काकांचा चेहरा झळकतो. घराघरांत आधीच गैरसमज कमी नाहीत.

आता नेटवर्क. कर्जतहून लोणावळ्याकडे गाडी घाट चढू लागली की बोगद्यामागून बोगदे येतात आणि डब्यातल्या प्रत्येकाचा फोन थोड्या थोड्या वेळाने मुका होतो. या प्रसंगी ॲपची खरी जात कळते. वाईट ॲप पांढरा पडदा दाखवून त्यावर इंग्रजीत काहीतरी अपशब्द लिहिते. बरे ॲप 'इंटरनेट नाही' असे म्हणते. चांगले ॲप काहीच बोलत नाही. मघाशी आणलेले दाखवत राहते, तुम्ही लिहिलेले जवळ ठेवून घेते आणि बोगदा संपला की गुपचूप पाठवून देते. आधी फोनमध्ये लिहायचे, मग सर्व्हरला कळवायचे, हा क्रम पाळला की निम्मी भांडणे मिटतात.

फोनमध्ये लिहायचे म्हणजे बहुतेक वेळा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये. हा आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये बसलेला असतो. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रामरने तो 2000 साली तयार केला. त्या वेळी तो अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेसाठीच्या एका प्रोग्रामवर काम करत होता, आणि त्याला वेगळा सर्व्हर चालू ठेवावा न लागणारा डेटाबेस हवा होता. सर्व्हर बंद पडला की त्याचा प्रोग्रामही हात वर करायचा. युद्धनौकेसाठी सुचलेली ही कल्पना आज आपल्या वाणसामानाच्या याद्या सांभाळते, आणि तिच्यावर कोणाचा मालकी हक्क नाही. हिपने ती सगळ्यांना मोकळी करून दिली आहे.

नेटवर्क परत आल्यावरही घाई करायची नसते. गाडी बोगद्याबाहेर आली की डब्यातले सगळे फोन एकाच क्षणी सर्व्हरच्या अंगावर धावून जातात. तो आधीच दमलेला असेल तर आणखी दमतो. म्हणून पहिला प्रयत्न फसला तर 1 सेकंद थांबायचे, मग 2, मग 4, मग 8. आणि त्यात प्रत्येक फोनने आपल्या मनाने थोडा कमी-जास्त वेळ मिसळायचा, म्हणजे सगळे पुन्हा एकदम येत नाहीत. चेंगराचेंगरी टाळण्याचा हा उपाय यंत्रांनी निमूटपणे मान्य केला. कर्जतचा वडापाव खिडकीशी आल्यावर तो माणसांकडून पाळून घेणे कोणालाही जमलेले नाही.

पैशांच्या ॲपमध्ये याच घाईला धार येते. 'पैसे पाठवा' दाबले, चक्र फिरत राहिले, माणसाने पुन्हा दाबले. पहिला निरोप पोचला होता की नाही? पोचून उत्तरच वाटेत हरवले असेल तर? बटण करडे करून टाकणे हा अर्धा उपाय. पूर्ण उपाय असा, की व्यवहार सुरू होतानाच त्याला एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि दहा वेळा पाठवला तरी तोच क्रमांक पाठवायचा. सर्व्हर ओळखतो: हा मघाचाच. घरभाडे दोनदा जात नाही. जोरात दाबणाऱ्या माणसाला शहाणपण शिकवण्यापेक्षा त्याचे दाबणे निरुपद्रवी करावे, हे मला या धंद्यातले सगळ्यात सुसंस्कृत तंत्र वाटते.

तारखेचा घोळ खास आपला. संगणकाचा काळ 1 जानेवारी 1970 च्या मध्यरात्री, ग्रीनिचच्या घड्याळाने, सुरू झाला असे बहुतेक यंत्रे मानतात. तारखेच्या जागी चुकून शून्य आले की भारतातल्या फोनवर ती उमटते '1 जानेवारी 1970, पहाटे साडेपाच' अशी. अशा पहाटे कोणी वीजबिल भरलेले दिसले तर तो माणूस उत्साही नाही, प्रोग्रामर घाईत होता, असे समजावे. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख लावलेली एक मोठी पिढी आहे. (डेक्कन क्वीनही 1 जून 1930 चीच, पण ती तारीख खरी आहे.) ही जन्मतारीख कोणी 'भारतातली मध्यरात्र' असा क्षण म्हणून साठवली, की ग्रीनिचच्या हिशेबाने तो क्षण 31 मेच्या संध्याकाळी साडेसहाचा होतो, आणि न्यू जर्सीतल्या लेकाला बाबांचा वाढदिवस 31 मेला दिसतो. गुरुजींनी लावलेली तारीख आधीच अंदाजाची. तिलाही आम्ही एक दिवस मागे ढकलतो. व्यवहाराची वेळ क्षण म्हणून साठवावी, जन्मतारीख मात्र नुसती तारीख म्हणून. आणि शुभेच्छा पाठवणारे ॲप लिहिणाऱ्याने 1 जूनला सर्व्हरची वेगळी तयारी ठेवावी.

लिपीचेही तसेच. हल्ली बहुतेक ॲपमध्ये माणसाच्या नावाचे पहिले अक्षर एका रंगीत गोलात दाखवतात. इंग्रजीत ते सोपे आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरांचा 'ज' होतो, क्षमाताईंचा 'क' आणि श्रीधररावांचा नुसता 'श'. पहिलीतल्या मुलाला 'श्री' हे एक अक्षर दिसते. संगणकाच्या पोटात ती चार चिन्हांची मालगाडी असते: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. अशा जोडाक्षराचे तुकडे पाडू नयेत हा नियम युनिकोडच्या 15.1 आवृत्तीत आला, तो 2023 साली. तोवर हजारो श्रीधररावांनी नुसत्या 'श'वर दिवस काढले. म्हणून नाव तोडायचे तर चिन्हे मोजून नव्हे, अक्षरांच्या सीमा सांगणारी तयार साधने वापरून तोडावे. बटणाची उंची इंग्रजीवरून ठरवू नये, नाहीतर 'कीर्ती'चा रफार कापला जातो आणि उरते ते वाचवत नाही.

भाषेच्या आत लपलेला आणखी एक खड्डा म्हणजे 'काहीच नाही'. टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने 1965 साली एका भाषेत 'नल' ही रिकामी जागा आणली आणि 2009 साली जाहीर सभेत तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. माणसाला मधले नाव नसते, फोटो नसतो, कधीकधी पत्ताही नसतो. आणि जिथे काही नाही तिथे काही आहे असे धरून चालले की ॲप कोसळते. गूगलने 2017 साली अँड्रॉइडसाठी मान्य केलेली कोटलिन भाषा यावर प्रश्नचिन्ह लावते, अगदी शब्दशः. जी गोष्ट नसू शकते तिच्यापुढे '?' लिहावे लागते आणि नसली तर काय, हे सांगितल्याशिवाय भाषा पुढे जाऊ देत नाही. पळवाट आहे: दोन उद्गारचिन्हे लिहायची. त्यांचा अर्थ, 'आहे म्हटले ना, मी सांगतो!' दुसऱ्याचा कोड तपासताना अशी उद्गारचिन्हे जास्त दिसली तर त्या माणसाबरोबर प्रवासाचे बेत आखू नयेत.

आमच्या घरी आत्या असते. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या 1999 च्या पुस्तकाने एक युक्ती प्रसिद्ध केली: कोड अडला की टेबलावर रबरी बदक ठेवावे आणि त्याला ओळ न ओळ समजावून सांगावी, सांगता सांगता चूक आपल्यालाच दिसते. जगभर प्रोग्रामर अशी बदके पाळतात. मला गरज पडली नाही. मी आत्याला सांगतो. बदक ऐकून घेते. आत्या प्रश्न विचारते.

"म्हणजे मी नाव लिहिलं, गाव लिहिलं," ती म्हणते, "आणि मधेच कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले, तर?"

"तर लिहिलेलं राहील, आत्या."

"आणि तासाभराने आले तर?"

"तरी राहील."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

इथे मी वहीत एक ओळ लिहून घेतो.

आत्याच्या फोनवर अक्षरे सगळ्यात मोठी केलेली आहेत. त्यामुळे आमच्या ऑफिसात देखणे दिसणारे बहुतेक पडदे तिच्या हातात आले की 'पुढे' हे बटण कीबोर्डच्या खाली बुडते, आणि आत्या पुढे जात नाही. अक्षरांचे माप फोनच्या मालकाच्या मर्जीने वाढू द्यावे, पडदा सरकू द्यावा, आणि बटण निदान 48 डीपी, म्हणजे सुमारे 9 मिलिमीटर, असावे असे गूगल सांगते. ॲपल 44 पॉइंट म्हणते. डिझाइन करणारी मुले याला जागेची नासाडी म्हणतात. त्यांची बोटे अजून सव्वीस वर्षांची आहेत.

परवानग्यांची पाटीही आत्याला मान्य आहे. 2015 पर्यंत अँड्रॉइडवर ॲप घरात शिरतानाच सगळ्या परवानग्यांची यादी पुढे करायचे, आणि लोक ती करारावरच्या बारीक अक्षरांइतकीच वाचायचे. 6.0 आवृत्तीपासून नियम बदलला: जी गोष्ट हवी ती हवी असेल तेव्हा मागा. तरी काही ॲप उंबरठ्यावरच फोनबुक, कॅमेरा आणि ठावठिकाणा मागतात. आत्या सगळ्यांना 'नाही' म्हणते. "बॅटरीच्या उजेडाला माझ्या भावजयीचा नंबर कशाला हवा?" हा तिचा प्रश्न कुठल्याही सुरक्षा तज्ज्ञाच्या अहवालात शोभेल. फोटो काढायचे बटण दाबल्यावर कॅमेरा मागावा, कशासाठी ते एका ओळीत सांगावे, आणि 'नाही' म्हटले तर उरलेले ॲप चालू ठेवावे. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते.

आणि एक गोष्ट ॲप बाहेर पाठवताना. वेबसाइट एका जागी दुरुस्त केली की सगळ्यांची दुरुस्त होते. ॲप मात्र एकदा लोकांच्या फोनात गेले की गेले. बरीच माणसे ते अपडेट करत नाहीत, कारण जागा 'शुभ सकाळ'च्या फुलांनी भरलेली असते. त्यामुळे सर्व्हरने जुन्या ॲपशी जुन्याच भाषेत बोलत राहावे. नवे रकाने वाढवावेत, जुने काढू नयेत. नवी आवृत्ती आधी थोड्याच लोकांना द्यावी, कोसळते का पाहावे, मग हळूहळू सगळ्यांना. शुक्रवारी संध्याकाळी मात्र कोणालाच देऊ नये.

ही सारी तंत्रे एकत्र पाहिली तर त्यांत चलाखी फार थोडी आहे. बहुतेकांत नुसती अदब आहे: माणसाच्या कामात मधे येऊ नये, तो उठून गेला तर त्याचे अर्धे काम सांभाळावे, परत आला तर पहिल्यापासून सुरू करायला लावू नये. त्यासाठी भाषा कोणतीही चालते. कोटलिन असो वा स्विफ्ट, 'तो मधेच उठेल' हे गृहीत धरलेले नसेल तर नवी भाषा तीच गैरसोय अधिक वेगाने करते.

ॲप लिहिणाऱ्यांना म्हणून माझी एवढीच विनंती आहे: प्रकाशित करण्याआधी ते घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर घाला, अक्षरे मोठी करा, इंटरनेट अर्ध्यात बंद करा, आणि घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाच्या हातात देऊन गप्प बसा. आणि वाचकांना विनंती अशी, की एखाद्या ॲपमध्ये अर्धा सोडलेला फॉर्म परत आल्यावर जसाच्या तसा सापडला, तर त्याच्या पानावर जाऊन तेवढे दोन शब्द लिहा. ॲप कोसळल्याबद्दल सगळेच लिहितात. सांभाळून घेतल्याबद्दल कोणी लिहीत नाही, आणि कंपन्या जे लिहून येते तेवढेच मोजतात.